आठवडा मुलांच्या हाती: तिसरी-चौथीच्या वर्गात मुलांच्या निर्णयाने चालणारे प्रकल्प कसे उभे करावेत

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना कामातून शिकण्याची कल्पना परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या छत्रपती शाहू बोर्डिंगमध्ये मुले आपली कामे आपणच करीत. फलटणच्या कमला निंबकर बालभवनाने १९८० च्या दशकापासून मराठी माध्यमातच मुलांच्या भाषेला आणि अनुभवाला वर्गात जागा दिली. सातारा तालुक्यातील कुमठे बीटच्या (शाळांच्या एका गटाच्या) ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल अनुभवातून आपले ज्ञान आपणच रचते असे मानणाऱ्या शाळा पाहायला राज्यभरातले शिक्षक येत राहिले. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर रंगवलेल्या फरश्या, जमिनीलगतचे फळे आणि साहित्याच्या पेट्या गावोगावी पोहोचल्या. आज काय करायचे, कोणाबरोबर करायचे आणि काम पुरे झाले हे कोणी म्हणायचे, हे निर्णय मात्र पुष्कळ वर्गांत अजून शिक्षकाच्या टेबलाजवळच आहेत. ते निर्णय थोडे थोडे मुलांकडे कसे न्यावेत आणि त्यातून आठवड्याचे काम कसे उभे राहते, ते या लेखात क्रमाने मांडले आहे. डोळ्यांपुढे जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आणि तिसरी-चौथीचा वीस-पंचवीस मुलांचा जोडवर्ग ठेवला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. मुलांनी चालवलेल्या वर्गात शिक्षकाचे नियोजन कमी होते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते वाढते. सोमवारी काय होते आणि शनिवारी काय होते हे जेथे पक्के ठरलेले असते, तेथेच मूल मधल्या वेळात स्वतः काही ठरवू शकते. ज्या वर्गात रोज सगळेच नव्याने ठरते, तेथे मोठ्या आवाजाची चार मुले ठरवतात आणि बाकीची त्यांच्या मागे जातात. म्हणून आठवड्याचा साचा घट्ट ठेवावा आणि त्याच्या आतली निवड मोकळी ठेवावी. पुढचे सगळे या एका गोष्टीवर उभे आहे.

जून: कोणी काय ठरवायचे

शाळा सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे प्रकल्पाचे नावही काढू नये. या काळात एका मोठ्या कागदावर तीन रकाने करावेत: मुले ठरवतील, मिळून ठरवू, शिक्षक ठरवतील. पहिल्या रकान्यात सुरुवातीला अगदी लहान गोष्टी येतात. कोणत्या कोपऱ्यात बसायचे, गणित आधी की वाचन आधी, वाचायला कोणते पुस्तक, परिपाठात आज कोणी काय सांगायचे, एवढेच. दुसऱ्यात वर्गाचे नियम, साहित्य कोठे ठेवायचे आणि प्रकल्पाचा विषय या गोष्टी येतात. तिसऱ्यात सुरक्षितता, हजेरी, रोजचे वाचन-गणित आणि कोणी कोणाला दुखवायचे नाही ही अट ठेवावी.

हा कागद भिंतीवर राहू द्यावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्यातली एखादी ओळ तिसऱ्या रकान्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात सरकवावी. मुलांना हे सरकणे दिसले पाहिजे. मात्र शिक्षकाच्या मनात उत्तर आधीच ठरलेले असेल, तर तो प्रश्न मुलांपुढे ठेवूच नये. ‘तुम्हीच ठरवा’ असे म्हणून आपल्याला हवे ते उत्तर येईपर्यंत विचारत राहणे मुलांना दुसऱ्याच दिवशी कळते आणि त्यानंतर ती सर काय ऐकू इच्छितात तेच बोलतात. त्यापेक्षा ‘हे मी ठरवले आहे, कारण असे’ हे सांगणे कितीतरी प्रामाणिक.

खोलीच्या मांडणीवर फार खर्च करण्याची गरज नाही. मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर भिंतीचा एक पट्टा काळा किंवा हिरवा रंगवून घ्यावा. चिंचोके, काड्यांचे दशकाचे गठ्ठे, शिंप्याची टेप, सुतळी, खडू, गेरू, पाठकोरे कागद आणि जुनी वर्तमानपत्रे असलेले साहित्य उघड्या फळीवर चिठ्ठ्या लावून ठेवावे. कुलूपबंद कपाटातले साहित्य शिक्षकाला विचारूनच मिळते, आणि प्रत्येक वेळी विचारावे लागले की निवड संपते. साहित्य हरवेल, मोडेल. शनिवारी मोजदाद करण्याचे काम मुलांकडे दिले की ते कमी हरवते.

वेळेचा हिशेब

वरिष्ठांचा आणि पालकांचा पहिला प्रश्न असतो, की अभ्यासक्रम पुरा कधी होणार. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवले आहे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. यातले रोजचे दोन ते अडीच तास भाषा आणि गणिताच्या पक्क्या सरावाला द्यावेत, तेही सकाळी, मुले ताजी असताना. उरलेला तास-दीड तास प्रकल्पाचा. परिसर अभ्यास, कार्यानुभव, चित्रकला आणि भाषेतील बोलणे-लिहिणे यांच्या तासिका त्यात सहज सामावतात. त्याच कायद्याचे कलम २९ कृती, शोध आणि अन्वेषणातून, बालकेंद्री पद्धतीने शिकवावे असे सांगते. टाचणवहीत, म्हणजे पाठाच्या नियोजनाच्या वहीत, या कलमाचा उल्लेख करून ठेवल्यास भेटीला आलेल्या अधिकाऱ्यांशी बोलणे सोपे जाते, हा अनुभवाचा सल्ला.

वाचन आणि गणिताचा सकाळचा वेळ प्रकल्पासाठी कधीही खाऊ नये, याबाबत मी आग्रही आहे. ज्या मुलाला तिसरीत ओळ वाचता येत नाही, त्याला प्रकल्पात कितीही स्वातंत्र्य दिले तरी त्याच्या वाट्याला दोरी धरणे आणि चित्र रंगवणेच येते.

सोमवार: प्रश्नांचा फळा

परिपाठानंतर भिंतीवरच्या पट्ट्यावर मुलांनी आठवडाभरात मनात आलेले प्रश्न लिहावेत. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे आणि दुसऱ्याने त्याच्या शब्दांत लिहावे. सुरुवातीला मुले पाठ्यपुस्तकातले स्वाध्याय उतरवतात, कारण शाळेत प्रश्न म्हणजे तेच अशी त्यांची समजूत असते. तेव्हा शिक्षकाने स्वतःला खरोखर माहीत नसलेला एखादा प्रश्न लिहावा. आपल्या ओढ्याचे पाणी नेमके कोठे कृष्णेला मिळते, आठवडे बाजारात मेथीची जुडी सकाळी आणि संध्याकाळी वेगळ्या भावाने का जाते, असे काहीही चालेल. दोन-तीन आठवड्यांत फळ्याचा रंग बदलतो.

मग प्रश्नांची विभागणी करायची. काही प्रश्नांचे उत्तर पुस्तकात असते, काहींचे एखाद्या माणसाकडे असते, काहींचे पाहून किंवा मोजून मिळते आणि काहींचे उत्तर कोणालाच ठाऊक नसते. ही वर्गवारी मुलांनीच करावी, त्यावर वाद होऊ द्यावा. प्रकल्पासाठी निवडायचा प्रश्न शक्यतो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात एकाच वेळी बसणारा असावा. म्हणजे माणसांना विचारावेही लागेल आणि हाताने मोजावेही लागेल.

निवड हात वर करून करू नये. मुले शेजारच्याकडे पाहून हात वर करतात. प्रत्येक मुलाला तीन चिंचोके द्यावेत, प्रत्येक प्रश्नाखाली एक रिकामा डबा ठेवावा आणि मुलांनी एकेक करून जाऊन चिंचोके टाकावेत. सर्वाधिक चिंचोक्यांचे दोन-तीन प्रश्न पुढे येतात. अंतिम निवड मिळून करायची, आणि तेथे शिक्षकाने आपल्या तीन कसोट्या उघडपणे सांगाव्यात: चालत जाण्याच्या अंतरात पाहण्याजोगे काही आहे का, उत्तराची कोणाला तरी खरी गरज आहे का, आणि या इयत्तांच्या अध्ययन निष्पत्तींपैकी (मुलांना काय यायला हवे हे सांगणाऱ्या अपेक्षांपैकी) कोणत्या यातून गाठता येतील. डायनासोरचा प्रश्न दुसऱ्या कसोटीवर दर वेळी पडतो. मुले थोडी हिरमुसतात, पण तो वाचनाच्या कोपऱ्यात जिवंत ठेवता येतो.

एक प्रकल्प जवळून: पाणी कोठपर्यंत आले होते

पलूस, वाळवा किंवा मिरज तालुक्यातील कृष्णाकाठच्या गावात पावसाळ्यात एक आकडा घराघरात ऐकू येतो. ‘आयर्विनला चाळीस झालं’ असे कोणी म्हणाले, की वडीलधारी माणसे जनावरे हलवण्याच्या बेताला लागतात. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी तेथे ५७ फुटांच्या वर गेले होते. आज तिसरी-चौथीत असलेली मुले त्या पुराच्या वेळी अगदी लहान होती. त्यांनी तो पूर ऐकला आहे, पाहिलेला आठवत नाही. साहजिकच फळ्यावर प्रश्न येतो: आयर्विनला अमुक फूट म्हणजे आपल्या गावात पाणी कोठे?

हा प्रश्न तीन आठवडे पुरतो. त्याचे टप्पे असे धरावेत. काम पावसाळा संपून जमीन वाळल्यावर, दिवाळीनंतरच सुरू करावे; नदीवर मुलांना न्यायचे नाही आणि त्याची गरजही नाही, कारण मोजायचे आहे ते गल्लीतल्या भिंतींवर. पहिल्या आठवड्यात मुले घरच्यांना विचारून २०१९ च्या पाण्याची खूण कोणाकडे दिसते याची यादी करतात. काही घरांत रंगाखाली ओल अजून दिसते, काही ठिकाणी कोणी तारीख घालून रेघ ओढून ठेवलेली असते, देवळाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवरही खूण असते. पूर हा अनेक घरांत दुखरा विषय आहे. ज्या घरात माणूस, जनावर किंवा घरच गेले असेल, तेथे मुलांना पाठवू नये आणि त्या घरच्या मुलाला बोलायला भाग पाडू नये. हे आधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत बोलून घ्यावे.

दुसऱ्या आठवड्यात चार-पाच जणांच्या गटाने पाच-सहा घरे मोजायची. एकाने दोरीचे टोक खुणेला धरायचे, दुसऱ्याने दोरी जमिनीपर्यंत ताणायची, तिसऱ्याने टेपवर वाचायचे, चौथ्याने लिहायचे आणि पाचव्याने घरातल्या माणसाला ठरलेले तीन प्रश्न विचारायचे. दुसऱ्या दिवशी कामे बदलायची. मोजमाप फुटात आणि सेंटिमीटरमध्ये दोन्ही लिहावे, कारण गाव फुटात बोलते आणि पुस्तक मीटरमध्ये. एक फूट म्हणजे तीस सेंटिमीटरला थोडेसे जास्त, हे कोष्टकावाचून मुलांच्या लक्षात येते.

या कामात एक क्षण हमखास येतो आणि शिक्षकाने त्याची वाट पाहावी. आकडे भिंतीवर लावले की एका घराची खूण चार फुटांवर आणि दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या घराची सात फुटांवर निघते. कोणीतरी चूक मोजली असणार म्हणून गट भांडू लागतात. पुन्हा मोजून आले तरी आकडे तेच. मग कोणी तरी विचारते, “सर, ह्या घरात चार फूट आन् तिकडं सात, मग पाणी वाकडं हुतं काय?” या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने देऊ नये. फळ्यावर प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहावा आणि त्या दिवशी घरी जाऊ द्यावे.

दुसऱ्या दिवशी गावातल्या गवंड्याला त्याच्या लेव्हलच्या पारदर्शक नळीसह बोलावावे. तो नळीत पाणी भरतो, एक टोक शाळेच्या पायरीशी आणि दुसरे मैदानाच्या पलीकडच्या भिंतीशी धरायला देतो, आणि पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीवर उभे राहते. कोणी टोक वर-खाली केले तरी थोडे हिंदकळून ते पुन्हा सारखे होते. मुले हे चार-पाच वेळा करून पाहतात, कारण पहिल्यांदा विश्वास बसत नाही. त्यानंतर बहुधा मुलांकडूनच उत्तर येते: पाणी सपाट होते, जमीन वाकडी आहे. सात फूट खूण असलेले घर खोलगट भागात, चार फूट खूण असलेले उंचावर. एवढे कळले की पुराच्या खुणांचे आकडे गावाच्या चढ-उताराचा नकाशा होतात, आणि कागदावर घरे मांडून कोठे पाणी आधी शिरेल हे मुले स्वतः सांगू लागतात. नकाशा, उंची, वजाबाकी आणि पाण्याचा गुणधर्म हे सगळे एका नळीत आले. वेगळा पाठ घेण्याची गरज उरत नाही.

तिसऱ्या आठवड्यात गावाच्या उपयोगाची वस्तू तयार करायची. मुलांनी ग्रामपंचायतीसाठी एक तक्ता करावा, ज्यात डाव्या रकान्यात आयर्विनची पातळी आणि उजव्या रकान्यात गावातले ठिकाण असेल: वेस, देवळाची पायरी, खालची गल्ली, शाळेचे मैदान. जे रकाने जुन्या माणसांच्या आठवणीवरून भरता येतील ते ‘अंदाजे’ असे लिहून भरावेत, बाकीचे पुढच्या पावसाळ्यात मोठ्या माणसांकडून ऐकून भरण्यासाठी मोकळे ठेवावेत. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सांगलीच्या वरच्या अंगाला असलेल्या गावात पुराचा लोंढा आधी येतो, कोयनेतून सोडलेले पाणी आणि वारणेचा फुगवटा यांचा परिणामही प्रत्येक पुरात वेगळा असतो. म्हणून हा तक्ता प्रशासनाच्या सूचनेच्या जागी घेऊ नये, ही ओळ मुलांच्याच हस्ताक्षरात तळाशी असावी. सरपंचांना लिहायचे पत्र हा भाषेचा उत्तम सराव ठरतो, कारण ते खरोखर वाचले जाणार असते आणि चुकीचे लिहिले तर गावात चर्चा होणार असते.

मंगळवार ते गुरुवार: शिक्षकाने काय करावे

मुले कामात असताना शिक्षकाची जागा प्रत्येक गटाजवळ दहा मिनिटे असते. या दहा मिनिटांत चारच गोष्टी विचाराव्यात: काल काय ठरले होते, हाती काय आले, कोठे अडले आणि आता पहिले काय करणार. उत्तर ऐकताना वहीत दोन शब्द टिपावेत. अडलेल्या गटाला लगेच वाट दाखवण्याचा मोह आवरावा. पण गट दोन दिवस तेथेच अडून राहिला, तर मात्र स्पष्ट मदत करावी. मुलांना कुढत ठेवणे म्हणजे स्वातंत्र्य देणे असे मानणारे काही उत्साही लोक भेटतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. टेप कशी धरायची हे शोधून काढण्यात शहाणपण नाही, ते दाखवून द्यावे. खूण चार फुटांवर का आणि सात फुटांवर का, हे मात्र दाखवू नये.

प्रत्येक मुलाने रोज सकाळी आपल्या पाटीवर किंवा वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहाव्यात: आज मी काय करणार, आणि ते झाले हे मला कसे कळेल. दुसरी ओळ मुलांना जड जाते. ‘घरे मोजणार’ यापेक्षा ‘तीन घरे मोजून तक्त्यात लिहिणार’ असे लिहायला शिकायला महिना-दीड महिना लागतो. घाई करू नये.

द्विशिक्षकी शाळेत हा वेळ दोन्ही शिक्षकांनी एकाच वेळी ठेवावा, म्हणजे एक शिक्षक बाहेर गेलेल्या गटाबरोबर आणि दुसरा शाळेत राहू शकतो. बाहेर जाताना पालकांची लेखी संमती, प्रथमोपचाराची पेटी, पाण्याच्या बाटल्या आणि मुलांची यादी या गोष्टी नेहमीच्याच. रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ असलेल्या उसाच्या हंगामात मात्र फिरण्याची वेळ वर्दळ कमी असताना ठेवलेली बरी.

याच हंगामात ऊसतोड मजुरांची मुले वर्गात येतात आणि गाळप संपताच जातात. प्रकल्प महिनाभराचा असला की ती अर्ध्यात येतात आणि अर्ध्यात जातात. यासाठी प्रत्येक आठवड्याचे काम त्या आठवड्यात पुरे होईल असे तुकडे पाडावेत. या मुलांनी अनेक गावे, नद्या आणि कारखाने पाहिलेले असतात. त्यांना आपल्या वाटेचा नकाशा काढायला सांगितल्यास वर्गातल्या कोणापेक्षाही जास्त माहिती त्यांच्याकडे निघते.

शुक्रवार: कच्चे काम सुधारणे

पहिला आराखडा कधीही अंतिम मानू नये. शुक्रवारी गट आपले काम भिंतीवर लावतात आणि दुसरा गट ते वाचतो. बोलण्याची पद्धत ठरलेली असावी: आधी मला काय समजले ते सांगायचे, मग एक प्रश्न, मग एक सुधारणा. ‘छान आहे’ या शब्दाला त्या तासापुरती बंदी घालावी. ‘पाणी खूप आले होते’ असे एका तक्त्यावर लिहिलेले असते आणि दुसऱ्या गटातली मुलगी विचारते, “खूप म्हणजे किती? माझ्या गळ्याएवढं की कमरेएवढं?” मग ती स्वतः भिंतीजवळ उभी राहते, लिहिणारा टेप आणतो आणि वाक्य बदलते. शिक्षकाच्या लाल शाईने हे झाले असते, पण पुढच्या वेळी तीच चूक पुन्हा आली असती.

शुद्धलेखनाच्या चुका याच वेळी सुधाराव्यात, कारण आता वाचणारा समोर आहे. गाव वाचणार असलेल्या तक्त्यावर मुले ऱ्हस्व-दीर्घ स्वतःहून विचारतात.

शनिवार: बालसभा

पहिली ते आठवीसाठी २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’ हा शासनाचा उपक्रम आला आहे, त्यामुळे सकाळच्या शाळेत या कामाला जागा मिळाली. बालसभा अर्ध्या तासाची पुरते. विषय आठवडाभर पेटीत टाकलेल्या चिठ्ठ्यांवरून मुले ठरवतात, अध्यक्ष दर आठवड्याला बदलतो, इतिवृत्त दोघे लिहितात आणि शिक्षक मुलांमध्ये जमिनीवर बसतो व बोलायचे असल्यास हात वर करतो. घेतलेला निर्णय एक आठवडा चालवून पाहायचा आणि पुढच्या शनिवारी तो ठेवायचा की मोडायचा हे ठरवायचे. बॅट कोणाकडे राहावी, मधल्या सुट्टीत नळावर रांग कशी लावावी, असे विषय मोठ्यांना किरकोळ वाटतात. मुलांचे खरे राज्य तेथेच असते. एक मर्यादा मात्र पक्की ठेवावी: मुलांनी मुलांना शिक्षा ठरवायची नाही. हा अधिकार त्यांना दिला तर ती मोठ्यांहून कठोर होतात. झालेले नुकसान भरून कसे काढायचे, एवढेच सभेने सुचवावे.

सभेनंतर साहित्याची मोजदाद, आठवड्याच्या पानावर ‘मला काय जमले, काय राहिले’ अशा दोन ओळी, आणि सुटी.

नोंदी आणि गुण

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक (शिकता शिकता चालणाऱ्या) मूल्यमापनाची जी तंत्रे दिली आहेत, त्यांत निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम आणि प्रकल्प ही सगळी आहेत. तिसरी-चौथीला आकारिकचा भार ६० टक्के आणि संकलितचा (सत्राअखेरच्या परीक्षेचा) ४० टक्के ठेवलेला आहे. म्हणजे प्रकल्पाच्या नोंदी हे जादा काम नसून ते मूल्यमापनाचेच काम आहे, फक्त ते वर्षाअखेर एका बैठकीत भरायचे नाही. गटाजवळच्या दहा मिनिटांत टिपलेले दोन शब्द शनिवारी नोंदवहीत एका वाक्यात लिहिले, की वर्णनात्मक नोंद तयार होते. ‘अभ्यासात रस घेतो’ अशा नोंदीतून पालकाला काही कळत नाही. ‘फूट आणि सेंटिमीटर यांत बदल करताना एकदा अडला, दोरीवर मोजून स्वतः दुरुस्त केले’ ही नोंद पुढच्या शिक्षकालाही उपयोगी पडते.

गटाला एकच गुण देऊ नये. वस्तू गटाची असली तरी शिकणे एकेकाचे असते, त्यामुळे प्रत्येक मुलाला शेवटी एकट्याने तोंडी विचारावे. ज्याने फक्त दोरी धरली तो येथे लक्षात येतो आणि पुढच्या प्रकल्पात त्याचे काम बदलता येते.

पालकांशी बोलणे

‘शाळेत नुसती हिंडतात’ ही तक्रार येणारच, विशेषतः ज्या गावांत शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या परीक्षांची चढाओढ आहे तेथे. तक्रार आल्यावर खुलासा देण्यापेक्षा प्रकल्पाच्या शेवटच्या दिवशी पालकांना बोलावून मुलांनाच बोलू द्यावे. त्याच दिवशी मुलाची वाचन आणि गणिताची वहीही पाहायला ठेवावी. सकाळचा सराव खरोखर चालू आहे हे दिसले, की दुपारबद्दलचा विरोध ओसरतो.

इतर प्रश्न, इतर गावे

कृष्णाकाठचा प्रश्न सातारा जिल्ह्यातल्या कोरड्या माण तालुक्यातील शाळेत उभा राहणार नाही. तेथे पावसाचाच प्रकल्प घ्यावा. बाटली कापून केलेल्या पर्जन्यमापकावर रोज सकाळी मोजायचे आणि महाबळेश्वरचा आकडा वर्तमानपत्रातून शेजारी लिहायचा. एकाच जिल्ह्यात एका टोकाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक आणि दुसऱ्या टोकाला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास पाऊस पडतो, हे स्तंभालेखावर पाहणे मुलांना विसरता येत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद शिजवण्याच्या हंगामात एक किलो ओली हळद वाळून किती उरते हे तराजूवर दर आठवड्याला पाहिले, तर वजन, वजाबाकी आणि धीर तिन्ही शिकले जातात. कोणत्याही गावात चालणारा प्रश्न म्हणजे शाळेचा पोषण आहार. पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. बाजाराच्या दिवशी हजेरी किती घटते याचा अंदाज बांधून मुलांनी उद्याचा तांदूळ सांगायचा, स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी प्रत्यक्ष शिजवलेला आकडा सांगायचा आणि ताटात उरलेले अन्न तोलायचे. हा प्रकल्प छोटा आहे, पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्या शिक्षकाने यापासूनच करावी.

प्रकल्प संपला की तक्ते फाडून टाकू नयेत आणि पुढच्या वर्षी जसेच्या तसे वापरूही नयेत. पुराच्या तक्त्याचे मोकळे रकाने, पावसाच्या नोंदीची वही, पोषण आहाराचे आकडे हे एका पिशवीत घालून वर्षाअखेर चौथीच्या मुलांनी तिसरीच्या मुलांना समजावून द्यावे, आणि जूनमध्ये फळ्यावरचा पहिला प्रश्न त्या पिशवीतल्या एखाद्या मोकळ्या रकान्यातून काढता येतो का ते आधी पाहावे.